पॅसेजमधल्या दिव्याचा हरवलेला तास

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे आणि आधीच कबूल करून टाकतो, स्वभावानं भित्रा आहे. अंधाराला मी घाबरत नाही. अंधाराशी तर माझा रोजचाच व्यवहार. मी घाबरतो ते माणसांच्या चेहऱ्यांना. माणसं एकमेकांकडे बघताना चेहरा नीटनेटका करून घेतात, पण छतावरच्या दिव्याकडे बघताना तसं कुणी करत नाही. त्यामुळे मला जे दिसतं ते खरं असतं, आणि खरं फार घाबरवणारं असतं.

मी साधा दिवा नाही बरं का. माझ्या पोटात नखाएवढी एक चकती आहे. ती घरातल्या इंटरनेटच्या डब्याशी बोलते, म्हणून मला फोनवरूनही लावता येतं, बंद करता येतं. दुकानात आम्हाला ‘स्मार्ट’ म्हणतात. पुढचं ऐकलंत की या शब्दाला तुम्हीच हसाल.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना हातमोजे घातलेल्या बायका बसलेल्या असत. अगदी शेवटच्या टेबलावरच्या बाईंनी मला होल्डरमध्ये बसवलं, पेटवलं, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, “हा चांगला आहे.” एवढी तोंडभरून स्तुती माझी पुन्हा कधी झाली नाही. तिथेच माझ्या आत काही सवयी भरल्या गेल्या. कोणत्या, ते मला कुणी सांगितलं नाही. खोक्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं म्हणे. पण मी खोक्याच्या आत, मला ते कसं वाचता येणार? आणि ज्यांनी बाहेरून वाचायचं त्यांनी खोकं फाडून फेकून दिलं.

आम्हा पाच भावंडांना विकत घेतलं ते एका नर्सताईनं. तिची आई वर्षापूर्वी गेली होती. बाबा तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एकटेच राहत होते. ताईची नोकरी दोन तासांच्या अंतरावरच्या इस्पितळात, राहणं तिथेच. बाबांच्या घरात बाहेरच्या दारापासून न्हाणीघरापर्यंत एक अरुंद पॅसेज आहे. त्याला खिडकी नाही, भर दुपारीही तिथे मिट्ट काळोख. त्या काळोखात बाबा अडखळून पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. ताई धावत आली आणि येताना आम्हाला घेऊन आली. चौघं भावंडं खोल्यांत गेली, पॅसेज माझ्या वाट्याला आला.

भिंतीवरची जुनी बटणं ताईनं चालू करून त्यांच्यावर चिकटपट्टी लावली आणि प्रत्येकाशेजारी एकेक पांढरं बिनतारी बटण चिकटवलं. “यांना आता हात लावायचा नाही हं, बाबा. दिवा लावायचा, बंद करायचा तो या पांढऱ्या बटणानं.”

“म्हणजे बटण चालू आणि दिवा बंद?” बाबा म्हणाले. “चिमे, हे तुमचं सगळं उफराटंच आहे.”

पण ते शिकले. चाळीस वर्षं छापखान्यात मशिनवर काम केलेला माणूस तो, यंत्राशी त्यांचं पटकन जमायचं. मी लागलो की ते वर बघून “हं” म्हणत. त्या एका “हं”वर मी महिना काढला असता.

सहा आठवडे त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता. तोवर ते घराबाहेर पडलेच नाहीत, दूध समोरच्या काकू आणून देत. ते माझे सुखाचे दिवस. प्लास्टर निघालं आणि बाबा रोज संध्याकाळी पाच वाजता फिरायला जायला लागले. तिथून माझ्या मागे साडेसाती लागली.

पहिल्याच दिवशीची गोष्ट सांगतो. निघण्याआधी बाबांनी घरातून एक फेरी मारली. गॅस बंद, नळ बंद, खिडक्या लावलेल्या, पाचही दिवे पांढऱ्या बटणानं मालवलेले. छापखान्याला एकदा आग लागली होती, त्यातून ते जेमतेम वाचले होते. तेव्हापासून ही फेरी चुकत नसे. त्यांनी चपला घातल्या, दार ओढलं, कुलपात किल्ली फिरली.

आणि लगेच दार उघडलं. बाबा दारात उभे, हातात दुधाची पिशवी, कपाळावर घाम. आणि मी लख्ख पेटलेलो! आतल्या चारही खोल्यांत माझी भावंडं पेटलेली.

बाबा उंबऱ्यातच थबकले. “मी बंद केले होते,” ते म्हणाले. तिथे दुसरं कुणी नव्हतं. त्यांचं हे बोलणं माझ्याशी होतं की स्वतःशी, मला कळलं नाही. मग त्यांनी कोपऱ्यातली छत्री उचलली आणि भिंतीला पाठ लावून एकेका खोलीत डोकावून आले. कुणी नव्हतं.

माझी अवस्था त्यांच्याहून वाईट होती. समोर भिंतीवर सेलवर चालणारं घड्याळ आहे. कुलूप लागलं तेव्हा त्यात पाच वाजून गेले होते आणि आता सहा वाजले होते. मध्ये तास गेला होता म्हणायचं, पण माझ्याकडे त्या तासाची काहीच आठवण नव्हती. मी बंद असलो तरी जागा असतो, मित्रांनो. नळाचं ठिबकणं, जिन्यातली पावलं, सगळं मला ऐकू येतं. मग तो तास गेला कुठे? आणि कुणी न सांगता मी पेटलो कसा?

दुसऱ्या दिवशी तेच झालं आणि तिसऱ्या दिवशीही. किल्ली फिरे, घड्याळ तासभर उडी मारी आणि मी पेटलेल्या अवस्थेत बाबांचा पांढराफटक चेहरा बघत असे.

बाबांनी ताईला फोन केला. “बाबा, विसरला असाल हो,” ती म्हणाली.

“विसरलो नाही. पाचही बंद केले.”

“बरं, उद्या नीट बघा.”

ते ‘बरं’ मला फोनमधूनही ऐकू आलं. लहान मुलाला म्हणतात तसलं ‘बरं’ होतं ते.

मग बाबांनी वही केली. निघताना माझ्याखाली उभं राहून ते लिहीत, ‘पॅसेज बंद, पाच वाजून चार मिनिटं.’ परत आले की माझ्याच उजेडात ते वाचत. पहिल्या पानावरचं त्यांचं अक्षर छापल्यासारखं सरळ होतं. दहाव्या पानापर्यंत ओळी उतरणीला लागल्या. त्यांनी कुलूप बदललं. कुणी आत शिरलं तर कळावं म्हणून दाराच्या फटीत आगकाडी खोचून ठेवली. परत आले तर काडी जागच्या जागी आणि आम्ही पाचही जण पेटलेले. म्हणजे बाहेरून कुणी आलंच नव्हतं! चोर असता तर परवडला असता. त्या दिवशी बाबांनी दुधाची पिशवी तशीच हातात धरून दिवाणखान्यातल्या ताईच्या आईच्या फोटोकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, “तू आहेस का गं?”

मला वाटलं, एकदा तरी लुकलुकावं. पण नाही लुकलुकलो ते बरं झालं, त्यांचा जीवच गेला असता.

शेवटी ताई आठ दिवसांची रजा टाकून आली. येताना आमच्यासारख्यांची दुरुस्ती करणाऱ्या दिवेवाल्याला घेऊन आली. चांगला तरबेज माणूस होता. त्यानं फोनमध्ये डोकं घालून आमची सगळी कुंडली काढली. ठरावीक वेळी लागण्याची सूचना कुठे राहिली आहे का ते पाहिलं. तशी नव्हती. शेजारचं कुणी आमच्यात शिरू नये म्हणून पासवर्ड बदलला, पांढरी बटणं नवी लावली.

“काका, बाहेर पडताना घरात काय काय करता, ते एकदा करून दाखवा बघू.”

बाबांनी गॅसपासून चपलांपर्यंत सगळी फेरी करून दाखवली.

“आणि मग?”

“मग काय, कुलूप लावायचं आणि जायचं.”

दिवेवाल्यानं मान हलवली. “ताई, यात दिसतंय की रोज पाच ते सहा नेट जातंय. डबा बदलून टाकू.” डबा बदलला. नवा डबा जुन्याहून जास्त लुकलुकायला लागला, एवढाच काय तो फरक.

आता खरी परीक्षा होती. बाबा रोज पाचला फिरायला जात आणि ताई पॅसेजमध्ये खुर्ची टाकून माझ्याकडे टक लावून बसे. मी श्वास रोखून बसे, म्हणजे श्वास असता तर रोखला असता. पाच, सव्वापाच, साडेपाच. घड्याळ एकेक मिनिट करत चाललं होतं. उडी नाही, काही नाही. तो अख्खा तास मला आठवत होता. आणि मी पेटलो नाही. आठही दिवस पेटलो नाही.

“बघा, झालं नीट,” ताई म्हणाली आणि निर्धास्त होऊन कामावर गेली.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा फिरून आले आणि आम्ही पाचही जण पेटलेले होतो. या वेळी बाबांनी छत्रीही उचलली नाही. दार लावून ते तिथेच जमिनीवर बसले आणि गुडघ्यांत डोकं घातलं.

आमची सगळी हालचाल ताईच्या फोनमध्ये उमटते. तिचा फोन आला तो त्याबद्दलच.

“बाबा, सहा वाजून दोन मिनिटांनी दिवे लागलेत. तेव्हा तुम्ही कुठे होता?”

“आत्ताच आत येत होतो.”

“म्हणजे रोज तुम्ही घरात येता आणि त्याच मिनिटाला दिवे लागतात. मी तिथे असताना एकदाही लागले नाहीत. बाबा, तुम्हीच लावत असाल. तुमच्या लक्षात राहत नसेल.”

“चिमे, मी नाही गं लावत.”

“मग कोण लावतं?”

मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी ओरडलो असतो की त्यांनी हात लावला नाही! पण लगेच दुसरी शंकाही आली. मला कुठे काय आठवतं? तो तास माझ्याकडूनही गहाळ झालाय. बाबांनी खरंच बटण दाबलं असेल तर? घरातले दोघंही साक्षीदार एकाच वेळी बेभरवशाचे निघाले होते.

बाबांच्या भीतीला एक जुनं कारणही होतं. त्यांच्या थोरल्या भावाला म्हातारपणी विस्मरण झालं होतं. सुरुवात चष्मा फ्रीजमध्ये ठेवण्यापासून झाली आणि शेवटी त्यांनी आरशातल्या स्वतःलाच घराबाहेर हो म्हणून दटावलं. बाबांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. आता ते रोज न्हाणीघराच्या आरशासमोर उभे राहून स्वतःचं नाव, पत्ता, ताईची जन्मतारीख म्हणत. उघड्या दारातून ते मला ऐकू येई. एकदा तारखेशी अडखळले तेव्हा त्यांच्या हातातला तांब्या गडगडत माझ्याखाली आला.

ताईनं डॉक्टरांना घरीच बोलावलं. शंभरातून सात वजा करत जा म्हटल्यावर बाबांची तिसऱ्यालाच गाडी अडली. घाबरलेल्या माणसाला कुठलं गणित सुचतंय? डॉक्टरांनी ठाम काही सांगितलं नाही, पण ताईचं मन धास्तावलं होतं. भाजलेली माणसं ती रोज बघत होती. “आज दिवा आहे, उद्या गॅस असेल,” ती म्हणाली. विसराळू म्हाताऱ्यांसाठीचं एक निवासस्थान तिनं शोधलं. स्वच्छ होतं, माणसं चांगली होती. फक्त तिथली दारं बाहेरून बंद होत.

बाबा भांडतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “तू म्हणतेस तर जाऊ.” मला त्या वाक्याची सगळ्यात जास्त भीती वाटली. जो यंत्राच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखायचा, तो माणूस स्वतःवरचा हक्क असा मुकाट्यानं सोडत होता. तेही माझ्यापायी.

निघायचा दिवस उजाडला. सकाळी दहाची वेळ. पॅसेजमध्ये एक सुटकेस आणि एक पिशवी. ताई सुटकेस घेऊन पुढे गेली. बाबांनी नेहमीसारखी फेरी मारली, मला बंद केलं, एकदा वर पाहिलं. “हं” म्हणाले नाहीत. किल्ली फिरली.

यापुढचं मला नंतर कळलं, कारण ती दोघं पुढे कित्येकदा ते एकमेकांना सांगत बसायची. खाली पोचल्यावर ताईच्या लक्षात आलं की डॉक्टरांची फाइल वरच राहिली. किल्ली घेऊन ती पळत वर आली, दार उघडून काळोख्या पॅसेजमध्ये शिरली आणि पांढरं बटण दाबलं. मी लागलो नाही. पुन्हा दाबलं. नाही. तेवढ्यात तिच्यामागून कठडा धरत बाबाही वर आले होते.

“बाबा, वीज गेलीये!” ताई आतून ओरडली.

“गेली नाही गं, मी मेन बंद केलाय. थांब, लावतो.”

जिन्यातल्या मीटरच्या कपाटात खट् असा आवाज झाला.

मी पेटलो. माझ्या बरोबर खाली ताई उभी होती, दोन्ही हात बटणापासून लांब, तोंड उघडं. आत माझी चारही भावंडं पेटली होती.

“बाबा,” ताईचा आवाज चिरकला, “तुम्ही आत्ता काय केलंत?”

“मेन लावला.”

“परत बंद करा. आणि परत लावा.”

खट् झालं आणि माझं सगळं पुसलं गेलं. पुन्हा खट् झालं आणि मी पेटलेला. मग बाबा आत येऊन माझ्याखाली उभे राहिले आणि ताई जिन्यात गेली. तिसऱ्या वेळेला बाबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. कुणी बटणाला शिवलं नव्हतं आणि मी आपला आपण लागलो होतो.

ताई आत आली. “तुम्ही रोज मेन बंद करून जाता?”

“घरात माणूस नसलं की करायचाच. छापखान्याला आग लागली तेव्हापासून करतोय. तुझी आई असायची घरात, म्हणून तेव्हा वेळ यायची नाही. तू आठ दिवस होतीस तेव्हाही नाही केला.”

“मग सांगितलं का नाही?”

“यात सांगायचं काय? चपला घातल्या ते सांगतो का मी? आणि त्या दिवेवाल्यानं घरात काय करता ते विचारलं. मेन घराबाहेर आहे.”

ताईनं तिथूनच दिवेवाल्याला फोन लावला. “अहो ताई,” तो म्हणाला, “गेलेली वीज परत आली की हे दिवे आपोआप लागतात. तशीच सवय असते त्यांना, खोक्यावर लिहिलेलं असतं. फोनमधून बदलता येते ती, दोन मिनिटांचं काम. मेनचं मला कुणी बोललंच नाही.”

अशी आहे माझी सवय, मित्रांनो. वीज गेली की माझं भान जातं आणि वीज आली की मी डोळे उघडतो. आमच्या भागात वीज सहसा जात नाही, म्हणून ते ना मला ठाऊक होतं, ना कुणाला. दोन मिनिटांच्या त्या कामासाठी एक माणूस घर सोडून निघाला होता.

मला वाटलं, आता बाबा हसतील. ते सुटकेसवर बसायला गेले आणि सुटकेस खाली गाडीत असल्याचं लक्षात येऊन पुन्हा जमिनीवरच बसले. ताई त्यांच्यापुढे उकिडवी बसली. तिला रडू आवरत नव्हतं.

“मला चोराची भीती नव्हती गं वाटत,” ते म्हणाले. “तुझीही नाही. मला माझीच वाटत होती. रोज कुलूप उघडताना वाटायचं, आत मी भेटणार, मला न कळता दिवे लावणारा.”

“चुकलं माझं, बाबा.”

“तुझं नाही चुकलं. पण पुढे मी खरंच विसरायला लागलो तर?”

ताईनं नाक पुसलं. “तर आधी दिवे तपासू. मग नेट, मग मेन, मग अख्ख्या इमारतीच्या वायरी. तुम्ही सगळ्यात शेवटी.”

बाबा घरीच राहिले. माझी सवय बदलली गेली. आता वीज आली तरी मी मुकाट बंद राहतो आणि बाबा परत आले की पांढरं बटण दाबून मला लावतात. त्यांची भीती मात्र दोन मिनिटांत गेली नाही. कितीतरी महिने ते दार अर्धवट उघडून आधी नुसता हात आत घालत. मीही अजून कुलपाचा आवाज आला की आतून थरथरतो. आता माझा उजेड पिवळट झालाय, एका बाजूला काळा डाग पडलाय, आज ना उद्या मला कुणीतरी काढेल. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मागणं एकच आहे. त्या सगळ्या दिवसांत कुलूप तपासलं गेलं, बटणं तपासली, डबा बदलला, ताई खुर्ची टाकून आठ दिवस माझ्याकडे बघत बसली. पण बाबांबरोबर फिरायला एकदाही कुणी गेलं नाही. मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस ‘मी बंद केला होता’ असं म्हणालं, तर दिव्याकडे बघत बसू नका. चपला घाला आणि त्यांच्याबरोबर दाराबाहेर पडा.